मिक्सिंग न झालेली कॅसेट

सगळ्यात आधी टपकल्या त्या सालवडच्या आमच्या वन्स.

चप्पल काढायच्या आधीच म्हणाल्या, "वयनी, चहा ऱ्हाऊ दे. आधी टीव्हीवरची धूळ पूस. पाहुणे येतायत, मशीन घेऊन."

आज ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. सकाळची शंभर कामं पडलेली आणि ही बाई म्हणते टीव्ही पूस!

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमचे हे म्हणजे चिंचणीचे शूटिंगवाले.

खांद्यावर तो भला मोठा कॅमेरा. तारापूरपासून मनोरपर्यंत कुणाचंही लग्न असो, शूटिंगला हेच.

आणि हॅलोजन धरायला मी.

हो, मीच. पदर खोचून, वायर सांभाळत. तो लाइट असा तापायचा की नवरीच्या आधी मलाच घाम फुटायचा. बाया नवरीला सोडून माझ्याकडे बघत बसायच्या.

सुरुवातीला लोकांना कळायचंच नाही. कॅमेरा समोर आला की सगळं घर ताठ उभं. श्वास धरून. फोटोला उभे राहतात तसं.

हे ओरडायचे, "अरे हला! बोला! भांडा पायजे तर! फोटो नाय हा!"

तरी कोणी हलायचं नाही.

आहेराचं पाकीट हातात धरून माणसं थांबून राहायची. लाइट तोंडावर पडल्याशिवाय पाकीट सोडतील तर शपथ.

नवऱ्यामुलाला बीचवर न्यायचे आणि सुरूच्या झाडांमधून पळायला लावायचे. सिनेमातल्या हिरोसारखं, स्लो मोशनमध्ये. एकाचा बूट वाळूत रुतला तर तो तसाच एका बुटावर पळाला. आता सासरा झालाय तो, पण कॅसेटीत अजून पळतोय.

बघा, मी कुठून कुठे गेले.

सांगायचं होतं ते हे. मी कोणाला बोलले नव्हते, मुलालासुद्धा नाही.

मला ह्यांचा आवाज आठवेनासा झाला होता.

काय बोलायचे ते सगळं पाठ. पण आवाज येईच ना. भांडी घासता घासता आठवून बघायचे. तोंड दिसायचं, ओठ हलायचे. पुढे काही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी लग्नं केलीत, कोणाची तरी कॅसेट लावा की.

तिथंच तर गोची. हे कायम कॅमेऱ्याच्या मागे, म्हणून कुठेच दिसत नाहीत. आणि बोईसरला मिक्सिंगला बसले की माणसांचं सगळं बोलणं पुसून वर सिनेमाची गाणी चढवायचे.

मी म्हणायचे, "अहो, थोडं बोलणं राहू द्या."

तर म्हणायचे, "लोकांना नवरी बघायचीय गो. माझी बडबड कोण ऐकतंय?"

मी ऐकली असती ना!

तर पाहुणे आले. सुमन आणि तिचा नवरा. दोघं बोईसरला कंपनीत कामाला, राहायला वन्सच्या शेजारी. आज ह्यांचा दिवस म्हणून रजा टाकून आलेली. सुमनचं माहेर मनोरच्या वर, डोंगरात. नवऱ्याच्या हातात चादरीत गुंडाळलेला व्हीसीआर, आणि कॅसेट हिच्या पदराखाली, बाळ धरावं तशी.

"काकी, वळखलं का? माझ्या लग्नात तुमी लाइट धरलेला. मांडवाचा पाला सुकवून टाकला तुमच्या लाइटीनं!"

ओळखलं की!

त्यांच्यात भटजी नसतो. धवलेरी म्हणतात तिला, ती बाई गाणी गाते आणि लग्न लावते. हिच्या बापाने ह्यांना बजावलं होतं, "भाऊ, तुमचं शिनेमाचं गाणं नको घालू. आमची धवलेरी गाते ती ऱ्हाऊ दे. ती नाय तर लगीन कसलं?"

घरी येताना हे रस्ताभर कुरकुरत होते. "मिक्सिंग नाय म्हणजे हे काय शूटिंग झालं? कच्ची कॅसेट देऊ? नाव जाईल माझं."

पण दिली. तशीच. कच्ची.

सुमनच्या नवऱ्याने लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरी लावल्या. आधी नुसत्या रेघा. मग मांडव दिसला. मग ती धवलेरी गायला लागली, बारीक आवाजात, एका सुरात.

आणि मध्येच, अगदी कानाशी,

"अगो, लाइट वर घे! झोपलीस का?"

माझा हात वर गेला.

खरंच सांगते. टीव्हीसमोर पाटावर बसलेली मी, आणि हात आपला वर.

वन्स हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. "मागं घे रे, मागं घे. परत लाव."

चार वेळा लावलं.

जरा घोगरा. थोडा नाकातून. आणि शेवटचा शब्द ओढायचे. हेच, हेच माझ्या हातातून सुटलं होतं.

पुढे सुमनची आई लेकीच्या गळ्यात पडायला निघाली, तर ह्यांचा आवाज, "वयनी, थांबा, इतक्यात रडू नका. बॅटरी संपतेय. बदलतो, मग रडा."

ती बिचारी थांबलीसुद्धा! सुमन म्हणाली, "आय अजून शिव्या देते त्यावरून."

आम्ही चौघं पोट धरून हसतोय, आणि गेली लाइट. शुक्रवार ना आज, जायचीच.

कॅसेट मशीनमध्येच अडकली. मी बटण दाबायला गेले तर सुमन ओरडली, "काकी, हात नको लावू, फीत तुटंल! मशीन ऱ्हाऊ दे इथंच. आमी रविवारी येतो, सुट्टी हाय."

वन्स म्हणाल्या, "मी शनवारीच येते."

सगळे गेल्यावर ह्यांच्या फोटोपुढे पान मांडलं. अहो, तुमच्या पानात आज वडे ठेवलेत. जरा करपले. लक्ष टीव्हीकडे होतं माझं, चालवून घ्या.

नमस्कार करते.

सुमन आणि तिचा नवरा रविवारी अकरा वाजता येणार आहेत. अर्धी कॅसेट बाकी आहे.