हिरव्या शालूचा पांढरा फोटो

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. माफी कोणाकडे मागते आहे तेही ठाऊक नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. मुलीच्या कॉलेजच्या जर्नलची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. तोंडाने सांगायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

माझी मुलगी फोटोग्राफर आहे. आम्ही दोघीच, कांजूरमार्गला राहतो. हे जाऊन नऊ वर्षं झाली. मी घरी फॉल-पिको करते. त्याआधी बारा वर्षं घाटकोपरला एका मॅचिंग सेंटरमध्ये होते. साडीला फॉल, अस्तर, ब्लाउजपीस जुळवून द्यायचं काम. तिथे एक नियम होता, ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही. साडी आणि तुकडा घेऊन दुकानाच्या पायरीवर यायचं, उन्हात दोन्ही एकमेकांना लावून धरायचं, मग कात्री घ्यायची. गिऱ्हाइकांशी बोलायला मी लाजायची, पण मी जुळवलेला तुकडा सहसा परत आला नाही. म्हणून रंगाचं काही असलं की मुलगी मला विचारते.

गेल्या वर्षी तिने जुना कॅमेरा उघडून घेतला. आतली एक काच काढून दुसरी बसवली, की तो आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे फोटो काढतो. इन्फ्रारेड. टीव्हीच्या रिमोटमधून तोच उजेड निघतो, असं तिने मला समजावलं. त्या फोटोत झाडांची पानं बर्फासारखी पांढरी येतात आणि आकाश गडद होतं. काच बसवणाऱ्याचे पैसे मात्र द्यायचे राहिले होते.

तेवढ्यात भांडुपची एक ऑर्डर आली. नुकतंच लग्न झालेलं जोडपं. नवरीने मुलीच्या मोबाइलवर पांढरी झाडं पाहिली आणि हट्टच धरला, "मला असेच पायजेत, काश्मीरसारखे!" पंधरा हजार आगाऊ मिळाले. ते तसेच काचवाल्याला गेले.

फोटो गोराईला काढले. होडीतून पलीकडे गेलो. मी पदर धरायला, पिना लावायला बरोबर होते. नवरीने लग्नातला हिरवा शालू नेसला होता, हातभर हिरवा चुडा, कपाळावर लाल चंद्रकोर. वाऱ्याने केस उडत होते आणि टिकली एका बाजूला सरकली होती. मी हात लावला नाही. बोटाने दाखवलं, तिने मोबाइलमध्ये बघून सरळ केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीने लॅपटॉप उघडला. कॅमेऱ्यातून फोटो येतो तो सगळा विटेसारखा लाल. मग ती गवतावर बोट ठेवून सांगते की हे पांढरं समज, आणि लाली उतरते. मग लाल आणि निळ्याची अदलाबदल करते, तसं तपकिरी आकाश निळं होतं. तिथपर्यंत कॅमेऱ्याचं काम. पुढे आपल्या मनावर. पानं पांढरी ठेवा, सोनेरी करा, गुलाबी करा, नाहीतर रंग काढूनच टाका.

"आई, बोल. कुठला?"

मी बघत राहिले. सुरूची झाडं पांढरी होती. शालूही पांढरा होता. काठ तेवढे थोडे वेगळे दिसत होते. चुडा काचेच्या पाण्यासारखा. आणि कपाळ कोरं. चंद्रकोर नव्हतीच.

"टिकली कुठे गेली गं?"

"या उजेडात लाल रंग कातडीसारखाच दिसतो. पुसला जातो."

पुसला जातो, हे ती इतक्या सहज म्हणाली.

तिने सोनेरी करून दाखवलं. पानांबरोबर शालूही सोनेरी झाला, कारण फोटोला पान आणि कापड सारखंच. पानांना जो रंग द्याल तोच शालूला. गुलाबी केलं तर दोन्ही गुलाबी, जत्रेतल्या बुढ्ढी के बालसारखे. मी उठले, गॅस बंद आहे का बघून आले, परत बसले. पुन्हा उठले. सुईत दोरा ओवला आणि काढला. एरवी मी तुकडा साडीशी जुळवते. इथे काय कशाशी जुळवायचं? खरा हिरवा मी डोळ्यांनी पाहिला होता, पण तो या फोटोत कुठेच नव्हता.

आणि एक गोष्ट लिहायलाच हवी. पांढरा फोटो फार सुंदर होता. सोनेरीत ती नवरी कॅलेंडरवरची वाटत होती. पांढऱ्यात ती, शेजारी नवरा, झाडं, खाडीचं काळं पाणी, सगळं एका श्वासात आल्यासारखं होतं. माझा डोळा सांगत होता, हाच. आणि पोटात काहीतरी सांगत होतं, बाई गं, नव्या नवरीला पांढरं नेसवून, कपाळ पुसून भिंतीवर लावणार? पण हे मी कसं बोलणार? माझं स्वतःचं कपाळ तसलं. ज्या बाईला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही याचा लोक विचार करतात, तिने दुसरीच्या फोटोत अपशकुन दाखवायचा? मुलगी म्हणाली असती, आई, असलं काय मानतेस.

"पांढराच," मी म्हणाले.

"बघ! मला माहीत होतं तू तोच घेशील."

चार दिवस मला चैन नव्हतं. रस्त्यात दिसेल त्या बाईची साडी मी मनात पांढरी करून बघत होते. एका गिऱ्हाइकाच्या साडीला फॉल उलटा लावून बसले. दोनदा वाटलं मुलीला फोन करून सांगावं, थांब, छापायला देऊ नको. नंबर लावला आणि तिने उचलायच्या आधीच बंद केला. फोटो छापून, मोठी फ्रेम होऊन भांडुपला गेला.

फ्रेम गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी नवरीची सासू आमच्या दारात उभी. एकटी. फ्रेम चादरीत गुंडाळून, कमरेवर मूल घेतल्यासारखी. मालवणकडची बाई, आवाज मोठा. चादर सोडून तिने फ्रेम भिंतीला टेकवली, तीही पाठमोरी.

"गो चेडवा, ह्या काय केलंस? हिरवो शालू खंय गेलो? सुनेच्या कपाळावरचा कुकू खंय गेला?"

मुलगी म्हणाली, "मावशी, या कॅमेऱ्यात कुंकू दिसतच नाही. तुमच्या सुनेनेच पसंत केलेत."

"तिका काय कळता? ती म्हणता, झकास! आणि माझो झील जितो आसा मां? घोव बाजूक उभो आणि ही पांढऱ्या लुगड्यात! शेजारीण बघून गेली, काय बोलूक नाय, नुसती जीभ चावल्यान."

झील म्हणजे मुलगा, घोव म्हणजे नवरा, एवढी मालवणी मला कळते. मुलीने धावत लॅपटॉप आणला. सोनेरी केलं. बाई वाकून बघायला लागली. "ह्यो जरा बरो. हळदीचो वाटता." मला वाटलं, सुटलो. मग मुलीने कपाळावर एक लाल ठिपका काढला, छान चंद्रकोर, अगदी होती तशी. म्हणाली, "हे बघा, लावलं कुंकू."

बाई सरळ उभी राहिली. "एकदा पुसलेला कुकू परत लावतत काय गो?"

मुलीचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला. मग बाई हळू आवाजात म्हणाली, "माका फोटो नको. माझे पैसे परत दे."

मुलीचा चेहरा उतरला. पैसे कुठे होते? ती सांगायला लागली की मावशी, ठरवूनच काढलेत, छपाईचा खर्च झालाय. भांडण होणार हे दिसत होतं. तेव्हा मी शिलाई मशीनच्या मागून उठले. कशी उठले मलाही कळलं नाही.

"रंग मी निवडला," मी म्हणाले. "तिला मीच सांगितलं पांढरा ठेव. मला दिसलं होतं, तरी बोलले नाही. पैसे मी देईन. एकदम नाही जमणार."

बाईने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. आधी तोंडाकडे, मग कपाळाकडे. तिच्या डोळ्यांतला राग कुठे गेला ते कळलं नाही, पण त्या जागी जे आलं ते मला रागापेक्षा जड गेलं. "बरां," एवढंच म्हणाली. जाताना फ्रेम नेली नाही, चादर नेली.

ती गेल्यावर मुलगी माझ्यावर चिडली. "तू कशाला मध्ये पडलीस? चूक कोणाचीच नव्हती. फोटो चांगलाच आहे."

"चांगला आहे म्हणूनच," मी म्हणाले.

मग दर महिन्याला मी भांडुपला जायचे. कधी हजार, कधी दीड हजार, लग्नसराईत दोनही. मुलगी म्हणायची मोबाइलवरून पाठवते, पण मला हातात द्यायचे होते. पहिल्या खेपेला मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. बाई म्हणाली, "भायर कित्याक? ये आत." चहा दिला. आम्ही दोघी टीव्ही बघत बसलो. दुसऱ्या खेपेला नवरी जिन्यापर्यंत सोडायला आली आणि कानात म्हणाली, "काकू, तो पांढरा मला मोबाइलवर पाठवा ना. सासूबाईंना सांगू नका हां." मी घरी येऊन मुलीला सांगितलं, आणि माझं पुढचं ऐकायच्या आधी तिने पाठवूनही दिला.

त्यानंतर तिथे बसणं कठीण झालं. नवरी चहा घेऊन यायची, कपाळावर भरगच्च कुंकू, हातात मोबाइल, आणि मला माहीत होतं त्यात काय आहे. नवऱ्याला साधी सर्दी झाली असं ऐकलं तरी मी चहाचा कप खाली ठेवायचे. मी असलं मानत नाही. तरी विचारायचे, "आता बरं आहे ना त्यांना?" बाई म्हणायची, "त्येका काय होता! चार भाकऱ्यो खाता." मग मी कप पुन्हा उचलायचे.

मुलीला नंतर कामं मिळाली. झाडांचे, खाडीचे, जुन्या बंगल्यांचे फोटो. माणसांचे ती या कॅमेऱ्याने काढत नाही. रंग अजून मला विचारते. मी आधी म्हणते सोनेरी, मग म्हणते नको, मग म्हणते पांढरा, आणि ती हसत लॅपटॉप मिटते की उद्या सांग.

अकराव्या महिन्यात शेवटचे बाराशे राहिले होते. गेले तेव्हा बाई कोळंबी सोलत बसली होती. ओले हात झटकून म्हणाली, "थंय ठेव, देवाच्या फळीर." मी फळीवर नोटा ठेवल्या, वर वजनाला हळदीची डबी ठेवली. म्हणाले, "मोजून घ्या."

"तू मोजलंस मां? मग झाला." ती पुन्हा कोळंबीकडे वळली, आणि न बघताच म्हणाली, "फिटले गो तुझे. पंधरा पुरे झाले."