भीमरावांनी उचललेलं वजन

भीमराव सोनावण्यांना व्यायाम म्हणजे दोनच गोष्टी माहीत होत्या, दंड आणि बैठका. आनंदनगर एमआयडीसीतल्या पंपांच्या कारखान्यात ते तेहतीस वर्षं फिटर होते. पहिल्या पाळीला निघायच्या आधी ते बाहेरच्या खोलीतला टीपॉय भिंतीला सरकवायचे, सतरंजी टाकायचे आणि चाळीस दंड, शंभर बैठका मारूनच आंघोळीला जायचे. वय पंचावन्न. अंगाने सडसडीत. अंबरनाथ पूर्वेच्या त्या बिल्डिंगमध्ये कुणाचा नळ अडकला, कपाट हलवायचं असलं, की पहिली हाक त्यांनाच.

त्यांची मुलगी अस्मिता बदलापूरला कात्रपच्या एका जिममध्ये ट्रेनर होती. तिचा सगळा विश्वास लोखंडावर. जमिनीवरून एकशेदहा किलोचा बार ती सरळ उचलायची आणि त्याचा व्हिडिओ आईला दाखवायची. रविवारी बापलेक एकत्र जेवायला बसले की वाद ठरलेला.

"लोखंड उचलायचं आणि परत होतं तिथंच ठेवायचं," भीमराव म्हणायचे. "आमच्याकडे कुणी असं केलं ना, तर सुपरवायझर विचारेल, बाबा रे, तब्येत बरी आहे ना?"

"पप्पा, तुम्ही वीस वर्षं तेच चाळीस दंड मारताय. वजन वाढवलं नाही तर ताकद वाढणार कशी? अंगाचं वजन आहे तेवढंच राहतं."

"मग राहू दे की. मला काय ट्रक ओढायचाय?"

द्रौपदीबाई भात वाढता वाढता म्हणायच्या, "आधी दोघं मिळून खालून सिलिंडर आणा. मग ठरवू कोण बरोबर ते."

एकदा अस्मिताने त्यांना हट्टाने जिममध्ये नेलं. आयुष्यभर पंपांच्या मोटरी आणि लोखंडी कवचं उचललेला माणूस. बारजवळ गेले, पाय रोवले, कंबर नीट ठेवली आणि ऐंशी किलो उचलून दाखवले. अस्मिताचं तोंड उघडंच राहिलं. मग ते म्हणाले, "आता तू दंड मार." छाती जमिनीलगत नेऊन पुढे काढायचे खरे दंड. नऊ झाले. दहाव्याला ती मध्येच अडकली आणि पोटावर पडली. दोघंही हसले, पण हार काही कुणी मानली नाही.

ऑक्टोबरात भीमरावांचं पोट बिघडलं. दोन-तीन दिवसांत बरंही झालं. पुढच्या आठवड्यात मात्र तळपायांना मुंग्या यायला लागल्या. बूट घट्ट झाले असतील, असं ते म्हणाले. मग कारखान्यात हातातला पाना दोनदा निसटला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते जेवायला खाली बसले, जेवले, हात धुवायला उठायला गेले आणि उठताच येईना. जमिनीला हात टेकून त्यांनी जोर लावला. हातही दुमडले.

"अस्मी," ते अगदी हळू म्हणाले, "माझे पाय कुठे गेले गं?"

आठवड्याभरात ते आयसीयूत होते. डॉक्टरांनी नाव सांगितलं, जीबीएस. शरीराची आजाराशी लढणारी फौजच चुकून आपल्या नसांवर चालून जाते. मेंदू हुकूम देतो, पण तो स्नायूपर्यंत पोचतच नाही. पायांपासून सुरू झालेलं ते वर वर चढत गेलं आणि छातीशी आल्यावर श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागला. एकोणीस दिवस. त्या दिवसांत भीमरावांचे फक्त डोळे हलत होते. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. बाकीचा तो अख्खा माणूस पांढऱ्या चादरीवर ठेवल्यासारखा पडून होता. अस्मिता काचेबाहेर उभी राहायची. ताकद वाढवणं हा तिचा धंदा, आणि इथे कुठून सुरुवात करायची तेच तिला कळत नव्हतं.

डिसेंबरात ते घरी आले. श्वास आपला आपण घेत होते, बोलत होते, पण मानेखाली फारसं काही चालत नव्हतं. उल्हासनगरहून किर्ती नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा यायची. तिशीतली, बारीक चणीची, कमी बोलणारी. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "घरात कॅरम आहे?"

कॅरम पलंगाच्या खालून निघाला. किर्तीने तो भीमरावांच्या कुशीला गादीवर आडवा ठेवला, त्यावर पावडर भुरभुरली आणि त्यांचा उजवा हात वर ठेवला.

"काका, उचलायचा नाही. नुसता सरकवायचा. बाहेरच्या बाजूला."

"उचलून का नाही?" अस्मिताने विचारलं.

"कारण जड आहे. एक हात म्हणजे अंगाच्या वजनाच्या विसाव्या हिश्शाएवढा. काकांचा हात तीन किलोच्या आसपास भरेल. तेवढं त्यांना आज झेपणार नाही."

तीन किलो. अस्मिताच्या जिममध्ये सकाळच्या बॅचच्या काकवांसाठी तीन किलोचे डंबेल्स होते, गुलाबी रंगाचे. नवीन आलेली बाईसुद्धा आठवड्याभरात म्हणायची, मॅडम, हे हलके वाटतात. आणि इथे ऐंशी किलो उचललेल्या माणसाचा हात पावडरवरून जेमतेम चार बोटं सरकला. कपाळावर घाम आला. भीमरावांनी डोळे मिटून घेतले आणि परत एकदा सरकवला.

त्या दिवशी अस्मिता स्वयंपाकघरात जाऊन आपलाच उजवा हात वर करून बघत राहिली. इतकी वर्षं तिने वजनं मोजली, बार मोजला, प्लेटा मोजल्या. पण हात नुसता वर जातो, हेसुद्धा वजन उचलणंच आहे, हे तिने कधी मोजलंच नव्हतं.

पुढचे महिने त्या घरात सेंटीमीटरने सरकले. चार बोटांची वीतभर झाली. मग हात कॅरमवरून सुटून हवेत एक इंच वर आला, तेव्हा द्रौपदीबाईंनी गॅस बंद करून धावत येऊन पाहिलं. पायांचंही तसंच. आधी कुशीवर झोपून पाय नुसता सरकवायचा, मग गुडघ्याखाली उशी घेऊन टाच उचलायची. किर्ती कधी वजन वाढवायची नाही, ती कोन बदलायची. गादीला थोडा चढ द्यायची, उशी काढून घ्यायची, पाय अर्धा इंच लांब ठेवायला लावायची. आणि दर वेळी तेच अंग भीमरावांना नव्याने जड व्हायचं. अस्मिता डोळे फाडून बघत बसायची. अंगाचं वजन आहे तेवढंच राहतं, हे वाक्य तिनेच किती रविवार ऐकवलं होतं.

फेब्रुवारीत तिच्या हातून चूक झाली. किर्तीने आठ वेळा हात उचलायला सांगितलं होतं. आठ झाले, आणि अस्मिताच्या तोंडून जिमची सवय बोलली: "पप्पा, अजून दोन. शेवटचे दोनच खरे असतात. चला!" भीमरावांनी दोन केले. तिने अजून दोन करून घेतले. दुसऱ्या दिवशी तो हात उठेना. तिसऱ्या दिवशीही नाही. जे दोन महिन्यांत मिळवलं होतं ते जणू धुतलं गेलं.

किर्ती पहिल्यांदाच चिडली. "तुमच्या जिममध्ये स्नायू दमतो आणि भरून येतो. इथे नस नवी उगवतेय. तिला ताणलंत तर ती मागे जाते. मी आठ सांगितले म्हणजे आठ."

अस्मिता रडकुंडीला आली. भीमरावच तिला म्हणाले, "जाऊ दे गं. नवीन बेअरिंग बसवलं की आम्हीपण पंप पहिल्या दिवशी फुल स्पीडला नाही चालवत. तुला कोण शिकवणार होतं हे?" मग, "पण उद्यापासून मोजायचं काम तुझ्या आईला दे."

आठवड्याने हात परत उठला.

उभं राहायचा दिवस मार्चच्या शेवटी आला. किर्तीने पलंगावर दोन जाड गाद्या एकावर एक टाकून बैठक उंच केली होती, म्हणजे उठायला कमी अंतर. समोर वॉकर. अस्मिता एका बाजूला, किर्ती दुसऱ्या बाजूला, पण हात न लावता.

"काका, नाक पायांच्या बोटांवर आणा. मग जमीन ढकला."

भीमराव पुढे वाकले. मांड्या थरथरायला लागल्या. मानेची शीर तटतटली. अस्मिताने जिममध्ये माणसांना दीडशे, एकशेऐंशी किलोखाली थरथरताना पाहिलं होतं. हे तसंच होतं, अगदी तसंच, फक्त खांद्यावर बार नव्हता. बूड गादीवरून सुटलं. एक क्षण ते ना धड बसलेले ना उभे असे अडकले. मदत करायला अस्मिताचा हात आपोआप पुढे झाला. किर्तीने नुसती मान हलवली. आणि मग गुडघे हळूहळू, चाकाचा एकेक दाता फिरावा तसे सरळ होत गेले, कंबर वर आली, छाती वर आली, आणि पाच महिने जो चेहरा अस्मिता वरून खाली वाकून बघत होती तो तिच्या चेहऱ्याच्या वर गेला. पप्पा आपल्यापेक्षा उंच आहेत हे ती विसरूनच गेली होती.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. द्रौपदीबाईंनी तोंडाला पदर लावला होता. सहा सेकंद ते उभे राहिले, छप्पन्न किलोचा, हाडं निघालेला माणूस, आणि अस्मिताला वाटलं, एवढं मोठं वजन उचललेलं आपण आजवर पाहिलेलं नाही.

"पंखा," भीमराव धापा टाकत म्हणाले, "पंखा किती घाण झालाय."

त्यानंतर एकेक गादी कमी होत गेली. मग नुसता पलंग, मग खुर्ची, मग स्टूल. दंड भिंतीवर सुरू झाले, भिंतीवरून ओट्याच्या कडेवर आले, ओट्यावरून पलंगाच्या कडेवर. ऑगस्टमध्ये त्यांनी जमिनीवर पहिला दंड मारला. दिवाळीपर्यंत बारा. बैठका तीस. अंगावर मांस दिसायला लागलं.

"बोल," ते अस्मिताला म्हणाले, "एक तरी प्लेट लागली का?"

"नाही लागली," अस्मिता म्हणाली. हे तिने मनापासून म्हटलं.

पण नोव्हेंबरात कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा गाडी अडली. कामावर घ्यायला त्यांची ना नव्हती. एकच गोष्ट करून दाखवायची होती: पंपाचं वीस किलोचं कवच जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवायचं. भीमराव वाकले, पकडलं, आणि कवच जागचं हललं, पण उठलं नाही. बोटं सुटली. पाठीत जोरच नव्हता. बारा दंडांनी छाती आणि खांदे परत आणले होते. जमिनीवरचं परकं वजन ओढून वर घ्यायचं काम मात्र त्या अंगाला वर्षभर कुणी दिलंच नव्हतं.

ते घरी आले आणि दोन दिवस सतरंजी उलगडलीच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अस्मिता स्कूटर काढत होती, तर भीमराव बूट घालून खाली उभे. पावलं अजून पूर्ण उचलली जात नव्हती, म्हणून बुटात पाऊल धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी असायची.

"कुठे?"

"तुझ्या दुकानात. लोखंड शिकव."

"पप्पा, चिडलात का?"

"चिडू कशाला? जे काम करायचंय त्याचीच सवय पाहिजे, एवढं कळलं मला. किर्तीला फोन केलाय मी. ती म्हणाली, आता चालेल, पण मोजणारी शहाणी पाहिजे."

अस्मिताने त्यांना आठ किलोपासून सुरुवात करून दिली, ठोकळ्यावर ठेवून, म्हणजे फार वाकायला नको. पाच वेळा. सहावा तिने करूच दिला नाही. आठाचे दहा झाले, ठोकळा लहान झाला, बाराला येऊन गाडी तीन आठवडे अडकली, मग पुढे सरकली. जिममधली तरणी पोरं आरशात आपले बाहू बघता बघता थांबायची आणि या शांत माणसाकडे बघायची, जो दर खेपेला वाकण्याआधी वजनाकडे असा बघायचा जसा एखाद्या मशीनकडे बघतो. आणि त्यांच्या शेजारी सतरंजीवर त्यांची मुलगी दंड मारत असायची. तिचे आता सतरा होत होते. शिकवणारा बाजूलाच असल्यामुळे अर्धवट दंड मोजला जात नव्हता.

जानेवारीच्या शेवटी भीमरावांनी पंचवीस किलो जमिनीवरून उचलून कंबरेएवढ्या बाकावर ठेवले. फेब्रुवारीत कारखान्याने परत तपासलं आणि पास केलं. काम हलकं दिलं, टेबलावरच्या जुळणीचं, पण हजेरीत नाव आलं.

पहिल्या पाळीला अस्मिताने त्यांना गेटवर सोडलं. वॉचमनने सलाम ठोकला, आतून दोघं-तिघं हाका मारत होते. वर्कशॉपच्या दाराशी अकरा पायऱ्या होत्या, कठडा नसलेल्या. भीमरावांनी डबा डाव्या हातात घेतला. प्रत्येक पायरीला ते गुडघा जरा जास्तच वर उचलत, बोट अडकू नये म्हणून, आणि मग सगळं अंग त्या एका पायावर वर घेत. अस्मिता स्कूटरवर बसून मोजत होती. तिला घाई करावीशी वाटली नाही, ओरडून काही सांगावंसं वाटलं नाही. सहावर ते क्षणभर थांबले, श्वास घेतला. मग सात. आठ.

अकरावी झाली आणि ते मागे न बघता आत गेले. अस्मिताची आठची बॅच होती, आणि पावणेआठ तर इथेच वाजले होते. तिने स्कूटर वळवली.