महिलेच्या हस्ते

लातूरच्या क्रीडा संकुलात महिलांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा भरली, तेव्हा उद्घाटनाच्या व्यासपीठावर बायका किती, हे मोजायला मी मुद्दाम पुढे जाऊन उभी राहिले. मोजावं लागलं नाही. एकही नव्हती. मागच्या फलकावर नारीशक्ती होती आणि तिच्याखाली ओळीने बसलेले पांढरे सदरे.

सकाळपासून मी फाटकावर पत्रकं वाटत होते. मागणी एकच: मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी लावा. परदेशी खेळाडू येणार म्हणून खोलीला रंग दिला होता, आरसा बसवला होता, दारावर इंग्रजी पाटी होती. कडी नव्हती. संयोजन समितीचे सचिव पत्रक वाचून म्हणाले, "ताई, आजच्या दिवस दम धरा. बाहेरचे लोक आलेत, आपलीच इज्जत जाती."

"इज्जत कुणाची जाते ते त्या खोलीत कपडे बदलून बघा," मी म्हटलं. त्यांनी पत्रकाची घडी घातली. नंतर ती घडी मला व्यासपीठावरच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली दिसली. टेबल स्थिर झालं होतं. आमच्या चळवळीचं त्या दिवसापर्यंतचं तेवढंच यश.

माझी मावसबहीण औशाची. शाळेत असल्यापासून एसटीने लातूरला येऊन खेळायची. या स्पर्धेत तिला स्थानिक खेळाडू म्हणून समितीच्या कोट्यातून महिला दुहेरीत जागा मिळाली होती. जोडीदार थायलंडची एक मुलगी. दोघींची ओळख फोनवरच्या निरोपांतून झालेली. पहिली फेरी जिंकली की जागतिक क्रमवारीचा गुण मिळणार होता. बहिणीचा पहिलाच. औशाहून जीप भरून माणसं आली होती आणि तिचे वडील पहिल्या रांगेत बसले होते.

उद्घाटन सकाळी होतं. प्रमुख पाहुणे दुपारी आले. सामने काही पाहुण्यांसाठी थांबत नाहीत, हे समितीला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर त्याचंही टेबलाखालीच काही झालं असेल. बहीण रॅकेट घेऊन कोर्टाकडे निघाली होती, तेवढ्यात सचिवांनी दोघींना व्यासपीठावर बोलावलं. लातूरची लेक आणि परदेशी पाहुणी, दोघींचा सत्कार. शाल, श्रीफळ, हार सगळं ताटात तयार होतं.

आणि तिथंच गाडी अडली. बाईला शाल बाईनंच घालायची, ही आपली रीत. पुरुषानं परक्या पोरीच्या खांद्यावर शाल टाकली तर उद्या फोटो फिरेल. सचिवांनी व्यासपीठ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. तिथं बाई आहे की नाही, हे त्या माणसानं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"वहिनीसाहेब यायल्यात," ते माईकवर म्हणाले. "किल्लारीला एका बारशाला गेल्यात. निघाल्यात तिथून."

वहिनीसाहेब म्हणजे प्रमुख पाहुण्यांच्या पत्नी. किल्लारी म्हणजे तासाभराची वाट. तोवर दोघींना खुर्च्या दिल्या.

तेवढ्यात मंडपामागच्या कोर्टावरून पुकारा झाला: महिला दुहेरी, दोन्ही जोड्यांनी यावं. नियम सरळ होता. पंधरा मिनिटांत जोडी कोर्टावर आली नाही, तर सामना समोरच्यांचा. समोरच्या दोघी कधीच पोहोचल्या होत्या. पंच घड्याळ बघत उभे होते.

बहीण उठली. सचिवांनी हातानंच बसवलं. "पाहुण्यांचा अपमान हाय हा. पुढल्या आठवड्यात नांदेडची स्पर्धाबी आपलीच समिती घ्यायली, ध्यानात असू द्या."

"मग आम्हीच एकमेकींना शाल घालतो की," ती म्हणाली.

"असं कुठं असतं का? सत्कारमूर्तीनंच सत्कार करायचा?"

"मग शाल राहू द्या. खेळून येते."

"हरून आल्यावर कशाचा सत्कार, बाळा?"

थायलंडची मुलगी हसतमुख बसली होती. तिला वाटत होतं, सामन्याआधीचा हा काही विधी असावा.

मी पायऱ्या चढून वर गेले. सकाळी याच पायऱ्यांवर मला दोनदा अडवलं होतं. या वेळी सचिवांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. पत्रकबाईमधली बाई त्यांना दिसली.

"ताई, तुम्ही लेडीज हाव. या, तुमच्या हस्ते."

सत्कारांविरुद्ध मी आजवर जेवढं लिहिलंय तेवढं जिल्ह्यात कुणी लिहिलं नसेल. शाल उचलली, बहिणीला घातली. दुसरी थायलंडच्या मुलीला घातली आणि नारळ हातात दिला. तिनं तो कानाशी नेऊन हलवला. फोटोसाठी सगळे सदरे माझ्या आजूबाजूला गोळा झाले.

"आता दोन शब्द," म्हणत सचिवांनी माईक पुढे केला.

किती वर्षं मला हा माईक हवा होता. कडीपासून कोट्यापर्यंत भाषण पाठ होतं. बहीण माझ्याकडे बघत होती.

"यांचा सामना पुकारलाय," मी म्हटलं. "वाट द्या."

दोघी शालींसकट पळाल्या. सामना समोरच्यांना द्यायला पंच हात वर करतच होते.

मंडपातले सत्कार चालूच राहिले. पुरुषांना पुरुषांनी शाली घालायला काहीच अडचण नव्हती. कोर्टाभोवती मी, बहिणीचे वडील आणि औशाची जीप. पहिला सेट गेला. मंडपातल्या आभारप्रदर्शनामुळे पंचांनी पुकारलेला गुण कुणाला ऐकू येईना, तेव्हा बहीण जोडीदाराला बोटांनी सांगू लागली. दुसरा सेट यांच्याकडे आला. खेळ थांबला की थायलंडची मुलगी सत्काराच्या शालीनं घाम पुसायची. औशाच्या एका काकांनी म्हटलं, "शालीचा असा उपयोग मी पहिल्यांदा बघायलोय." निर्णायक टायब्रेकच्या शेवटच्या गुणाला बहिणीनं जाळीजवळ चेंडू असा हळूच टाकला की समोरच्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

बहिणीचा क्रमवारीतला पहिला गुण. तिचे वडील नुसता रुमाल झटकत राहिले.

मग मंडपाकडून सचिव धावत येताना दिसले, हातात ताट. दोघी कपडे बदलायच्या खोलीत शिरल्या. मी बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहिले.

"ताई, पोरींना बाहेर पाठवा. वहिनीसाहेब आल्यात."

"कपडे बदलतायत."

"तुम्ही तरी जरा बाजूला व्हा."

"नाही होता येत," मी म्हटलं. "आतून कडी नाही."