दारावरचं नाव

मी माझ्या बायकोला फसवलं. चर्चच्या पाळकाने नाही, मी फसवलं. आणि ती मरेपर्यंत फसलेलीच राहिली. हे मी कोणापुढे बोललेलो नाही. पोरींपुढे नाही, प्रार्थनेतही नाही. प्रार्थनेत तर मुळीच नाही, कारण तिथे ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशीच माझं भांडण आहे.

आता माझी बाजू सांगतो — नाही, बाजू नको. काय झालं तेवढंच सांगतो.

श्रीरामपूरपासून दोन कोसांवर आमची वस्ती. बाप साखर कारखान्यावर ऊस उतरवायचा. काटेवाल्या बाबूपुढे हात जोडून उभा राहिलेला बाप मी लहानपणी रोज पाहिला, आणि ठरवलं की आपण कोणापुढे असं उभं राहायचं नाही. पडक्या घराची एक चौकट विकत घेतली, घासूनपुसून विकली. तिथून जुनी दारं, चौकटी, खिडक्या हाच माझा धंदा झाला. यशवंताशी घासाघीस करायची तर आधी घरून जेवून यावं, असं लोक म्हणत. मला ते आवडायचं. या जिल्ह्यात एकच गाव असं की तिथे माझं एकही दार कधी खपलं नाही — शिंगणापूर. तिथे घरांना दारंच लावत नाहीत. मी तिथून बैलगाडी रिकामी न करता परत आलो तेव्हा एस्तेर, माझी बायको, पोट धरून हसली होती.

ती पोटुशी होती तेव्हा. बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. मुलगा झाला. आणि तिथेच माझं पाळकांशी जुंपलं.

भानगड साधी होती. बाजार रविवारचा आणि उपासनाही रविवारची. दुष्काळात गिऱ्हाईक आधीच थोडं. मी ओळीने रविवार चुकवले. आमच्या मंडळीचा जुना नियम असा, की प्रभूच्या दिवशी धंदा करणाऱ्याने सगळ्यांसमोर उभं राहून ‘चुकलो’ म्हणायचं. तोवर त्याच्या लेकराचा बाप्तिस्मा नाही. आणि आमच्यात नाव ठेवायचं तेही बाप्तिस्म्यालाच, डोक्यावर पाणी घालताना. म्हणजे नावही नाही.

मी पाळकांच्या घरी गेलो. चर्चच्या दाराला खालून वाळवी लागलेली होती, उपासना चालू असताना कोंबड्या आत शिरायच्या. म्हटलं, सागवानी दार देतो, चौकटीसकट, बसवूनही देतो.

“दार आनंदानं घेऊ, यशवंतराव,” पाळक म्हणाले. “पण उभं ऱ्हावं लागंल.”

“बसून म्हणतो चुकलो.”

“उभं.”

“मग तुमच्या एकट्यापुढं म्हणतो. आत्ता. हितंच.”

ते हसले. वाईट माणूस नव्हता तो, म्हणूनच जास्त राग आला. सौद्यात जो आधी उठून जातो तोच जिंकतो, हे मला माहीत होतं. मी उठलो. आठ दिवसांत माणूस पाठवतील असा माझा अंदाज. दोन महिने गेले. कोणी आलं नाही. मीही गेलो नाही. एस्तेर रोज म्हणायची, “अवो, उभं ऱ्हायल्यानं पाय मोडत न्हाईत. लेकराला नुसतं बाळ बाळ म्हणून किती दिस हाक मारू?” मी म्हणायचो, भाव उतरतोय, जरा दम धर.

भाव! माझ्याच लेकराचा.

मग बाळाला ताप भरला. दवाखान्यात नेलं, औषध आणलं, ताप हटेना. दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर आल्याची हाकाटी झाली. त्या दिवसांत टँकर दोन दिवसांआड यायचा, आणि चुकला की चुकला. घरात हंड्याच्या तळाला पाणी उरलं होतं. एस्तेरने बाळ माझ्या मांडीवर दिलं, कळशा उचलल्या आणि उंबऱ्यात थांबली. लहानपणी तिला एका म्हाताऱ्या बायबलबाईने शिकवलं होतं, की पाळक नसला आणि लेकरू जायला लागलं तर कोणीही पाणी घालावं, नाव घ्यावं, देव ते मानतो. तेच तिने मला सांगितलं. “आचके द्यायला लागला तर वाट बघू नगा. पाणी घाला. आईबापानं घातलेलं चालतं.” मी मान हलवली.

ती गेली, आणि थोड्या वेळाने बाळाने आचके द्यायला सुरुवात केली.

मी पेला भरला. हे खरं आहे — मी उठलो, एका हातावर बाळ, दुसऱ्या हाताने पेला भरला. पुढे काय अवघड होतं? चार थेंब. एक नाव. पण मी काय विचार केला माहीत आहे? मी घातलं, तर पाळक सुटला. नाही घातलं, तर उद्या अख्ख्या मंडळीला दिसेल, की याच्या हट्टापायी एक लेकरू बिनपाण्याचं गेलं. मग कोण कोणापुढे उभं राहील? हे सगळं माझ्या डोक्यात स्वच्छ होतं. घाबरून हात थांबला असं मी म्हणणार नाही. घाबरलो नव्हतो. मी सौदा करत होतो.

बाळ थांबलं. पेला तसाच भरलेला. घशाला कोरड पडली होती. मी ते पाणी पिऊन टाकलं.

एस्तेर आली तेव्हा रिकामा पेला जमिनीवर होता. तिने बाळाकडे पाहिलं, मग पेल्याकडे. खाली बसली. रडली नाही अजून. एवढंच विचारलं, “घातलं ना?”

“घातलं.”

का म्हणालो? मघाशी तर सगळ्या गावाला दाखवायचं होतं. पण तिचं तोंड बघून तो सौदा जागच्या जागी फिसकटला.

“नाव काय ठिवलं?”

याचा विचार मी केलाच नव्हता. अंगणात एक दार भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, शाळेतल्या मास्तरांसाठी. गिऱ्हाईकाचं नाव मी दारावर खडूने लिहून ठेवायचो. समोर तेच दिसत होतं.

“लूकस,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “चांगलं हाय.” आणि मग रडली.

दफनाला पाळक आले. एस्तेरने त्यांना सांगितलं, बापानं पाणी घातलंय, नाव लूकस. ते माझ्याकडे वळले. “तुमी घातलं?” मी हो म्हणालो. त्यांनी प्रार्थनेत ते नाव घेतलं. देवाचं घर मोठं आहे, तिथे लेकराला जागा आहे, असं सांगितलं. माती टाकून झाल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “तुमी घातलं, बरं केलं. पर न घातलं आस्तं, तरी लेकरू देवाच्या घरीच हाय. तितं बाळांना कोन आडवतंय?”

ऐका हे. न घातलं असतं तरी. मग दोन महिने काय अडवून धरलं होतं? बाळांना कोणी अडवत नाही, तर माझ्या बाळाच्या दारात हा माणूस कोणाच्या हुकमाने उभा होता? त्याची गचांडी धरून विचारणार होतो. पण विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागलं असतं, की मी पाणी घातलंच नाही. म्हणून गप्प बसलो. पुढची सगळी वर्षं गप्प बसलो. मास्तरांचं दार मी ओल्या फडक्याने पुसलं आणि पोचतं केलं. चर्चला दार दिलं नाही. पाळकांची बदली झाली, पुढे ते वारले, आणि त्यांच्यावरचा राग मी अजून जपून ठेवला आहे. तो रास्त आहे. माझ्या खोटेपणाने तो कमी होत नाही, आणि त्यांच्या चुकीने माझा खोटेपणा कमी होत नाही.

पुढे दोन पोरी झाल्या. कोणी विचारलं की एस्तेर सांगायची, तीन लेकरं, थोरला देवाच्या घरी. कबरीवर तिने नाव कोरून घेतलं. दर वर्षी त्या दगडाला चुना लावायची, आणि मी चुन्याची बादली धरून उभा राहायचो. बघा — तिथे मात्र उभा राहिलो.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं होतं. एकदा दुपारी म्हणाली, “लूकस तितं मोठा झाला आसंल का ओ? का तसाच दोन म्हैन्याचा?”

मी म्हटलं, कोणाला ठाऊक.

“ऱ्हाऊ द्या. मोठा झाला आसला तर वळखायचा न्हाई. मी नावानं हाक मारीन. येईल की.”

तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, ती शुद्धीत होती. जिभेवर आलं होतं. मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

आता ती तिथे पोचली असेल. तिच्याबद्दल मला शंका नाही. त्या घरात तिला जागा नसेल तर कोणालाच नको. ती उंबऱ्यात उभी राहून लूकस म्हणून हाक मारत असेल — जे नाव त्या लेकराच्या कानावर कधी पडलंच नाही, एका मास्तराच्या दारावरचं नाव. तो तिथेच कुठेतरी असेल आणि आपल्याला हाक मारतात हे त्याला कळत नसेल.

माझा गुन्हा मी वर लिहिला. उभं राहून लिहिला, माफी मागत नाही. देवा, माझ्यासाठी दार उघडू नकोस, ते माझं मी पाहीन. पण घर तुझं आहे, लेकरू तुझ्याकडे आहे, आणि ती बाई तुझ्या भरवशावर तिथे आली आहे. तिच्या त्या हाकेला ओ मिळाली का? एवढं मला सांग. हे तुला सांगावंच लागेल.