दाराची कडी

शिरूर पोलीस ठाण्यातली ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. हजेरी नुकतीच संपली होती. विजेच्या डीपी फोडून तांब्याची तार चोरणारा एक सराईत गुन्हेगार आपल्या पायांनी आत आला. पूर्वी अनेकदा पकडूनही त्याने तोंड उघडलं नव्हतं. या वेळी म्हणाला, दौंडचा माझा साथीदार मेलाय, ते सांगायला आलोय.

दारू सोडून तो दौंडच्या एका ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागल्याचं आमच्या कानावर होतं. ठाणे अंमलदार म्हणाले, "प्रभूनं पाठवलं का वकिलानं?" तो हसला नाही.

त्याने सांगितलं ते असं. कवठे येमाईच्या शिवारात दोघे तार काढायला गेले. लाइट गेलेली आहे, चढ, असं यानेच सांगितलं. साथीदार वर असताना पुरवठा सुरू झाला आणि तो जागीच गेला. याने मृतदेह घोड नदीत टाकला. साथीदाराच्या आईला सांगितलं, पोरगा सुरतेला कामाला गेलाय.

मला खुनाचा संशय होता. वाटणीवरून भांडण झालं असेल, म्हणून उलटसुलट विचारलं. जबाब बदलला नाही. शेवटी जुनी अकस्मात मृत्यूची प्रकरणं काढली. नदीत सापडलेल्या एका बेवारस मृतदेहाचे तळहात भाजलेले होते. त्याचा शर्ट मुद्देमाल खोलीत होता.

"आता का सांगतोस?" मी विचारलं.

"चर्चचे पाळक म्हणले, देवानं माफ केलं. पण म्हातारी अजून दाराला कडी लावत न्हाई, साहेब. पोरगं येईल म्हंती. म्या तिथंच बसून च्या प्यायलोय."

शर्ट ओळखायला आईला आणलं. खिशाची शिवण तिनेच घातलेली होती. ती बोटांनी चाचपत राहिली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "तू बोलला नसतास तर माझं लेकरू सुरतेला तरी हुतं."

न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. सुटल्यावर तो रोज तिच्या दाराशी पाण्याचा हंडा भरून ठेवू लागला. निवृत्तीनंतर एकदा मी तिकडे गेलो. हंडा उंबऱ्याबाहेर होता. दाराला आतून कडी होती. तो गेल्यावर ती हंडा आत घेते, बोलत मात्र नाही, असं शेजारणीने सांगितलं.

कबुली मिळाली की तपास संपतो, एवढंच मला नोकरीत ठाऊक होतं. त्या माणसाचं काम कबुलीनंतर सुरू झालं. बाईने त्याला माफ केल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. त्याने मागितल्याचंही नाही.