घोडीवाला मॅनेज झाला

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी कळंबच्या बाजूला एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. ‘मॅनेज’ म्हणजे कारभार पाहणं किंवा कसंबसं निभावून नेणं, एवढंच मुलांना सांगायचे. त्याचा आणखी एक अर्थ मला आमच्या गावच्या जत्रेत कळला.

माझ्या थोरल्या भावाचा बैलगाडा होता. शर्यतीत पुढं घोडी पळते आणि तिच्या मागं बैल जीव तोडून धावतात. आमच्या गाड्यापुढं घोडीवर असायचा तो भावाचा जिवलग मित्र. आमच्याकडंच जेवायचा, आमच्या आईला आईच म्हणायचा.

त्या वर्षी बैल भरात होते. आमची पाळी आली, गाडा सुटला, आणि निम्म्यावर मित्रानं लगाम खेचून घोडी बाजूला काढली. बैल गोंधळले, गाडा रेंगाळला. शेजारी कुणीतरी हसलं, “घोडीवाला मॅनेज झाला, राव!”

मी भावाला विचारलं, “मॅनेज झाला म्हणजे?”

“समोरच्या पार्टीनं फोडला म्हंत्यात. पर आपला गडी तसला न्हाई. घोडी बुजली आसंल.”

संध्याकाळी मित्र आला, पण अंगणातच थांबला.

“घोडी बुजली व्हती ना?” भावानं विचारलं. हो म्हण, असं त्याचा आवाजच सांगत होता.

मित्र खाली बघत म्हणाला, “झालं गेलं, भाऊ. घ्या ना जरा मॅनेज करून.”

भाऊ पाठ फिरवून घरात आला. आईनं मित्रासाठी वाढलेलं ताट तसंच राहिलं.

जत्रेनंतर मी शाळेतला जाडा शब्दकोश काढला. शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘हात’ होता. त्यावरून इटालियनमध्ये घोडा हाताळणं, त्याला चाल शिकवणं. पुढं इंग्रजीत कारभार, निभावणं. माणूस फुटणं त्यात कुठंच नव्हतं. ते आमच्याकडं आल्यावर त्याला चिकटलं होतं. भावाला सांगितलं तर म्हणाला, “घोड्याचा शब्द हाय व्हय?” आणि उठून गोठ्यात गेला.

पुढच्या वर्षी तोच मित्र त्या दुसऱ्या पार्टीच्या गाड्यापुढं होता. उन्हाळ्यात त्याच्या लग्नाची पत्रिका आली. भावानं आईला आणि मला आहेर देऊन पाठवलं. मांडवात नवरदेवानं पहिलं विचारलं, “भाऊ कुठंय?”

“कांद्याला पाणी देतोय,” आई म्हणाली.

कांदा तर कधीच काढून झाला होता. ते त्यालाही माहीत होतं.