दवाखान्यातल्या आवडीबाई

आवडीबाई रोग्याला आधी दुखणं विचारत नसत. त्याच्यासमोर जमिनीवर बसून त्या विचारत, "कोन्या पाड्याचा तू? घरात चूल पेटली का आज?" मोखाड्याजवळच्या एका लहानशा दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो आणि त्या आया. मला पाड्यांवरची बोली कळत नसे. रोग्याचं म्हणणं त्याच मला समजावून सांगत. फार वेळ लावतात म्हणून मी चिडायचो. "त्याला बोलू तं द्या डाक्टर," त्या म्हणत, "दुखना मागून येल."

इथलं संस्थान भारतात विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आता वेठ संपली, असं लोक समजत होते. एका बाजारच्या दिवशी जंगलच्या ठेकेदाराची माणसं त्यांना फुकट लाकूडतोडीला न्यायला आली. लोक हलेनात, तेव्हा त्यांनी बंदुका झाडल्या. चार जण बाजारातच मेले. मारेकरी पकडले गेले आणि प्रकरण मिटलं, असं मला वाटलं.

मग दवाखान्यात धडधाकट माणसं येऊ लागली. कुणाची छाती धडधडे, कुणाला घास गिळवेना. मी तपासून टॉनिकच्या बाटल्या देई.

"यांना बाटली नको," आवडीबाई म्हणाल्या. "बाजारात काय झाला ता सांगाचा हाय यांना. कोनी आयकत नाय." त्या दिवसापासून दुपारी त्या ओट्यावर सगळ्यांना घेऊन बसू लागल्या.

त्यांत जानकी होती. मीठ आणायला गेलेली तिची तरणी मुलगी गोळी लागून गेली होती. जानकी अन्नाला शिवेना. बाजाराच्या वाटेवर उभी राहून दिसेल त्या मुलीचा हात धरी. लोक घाबरले. मी तिला शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचा कागद तयार केला.

आवडीबाईंनी त्यावर हात ठेवला. "डाक्टर, तिला याड नाय लागला. तिची पोर मेली. माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या तिला."

"इथे तिच्यावर काय उपचार आहेत?" मी म्हणालो, आणि त्यांचा हात बाजूला करून सही केली.

दोन महिन्यांनी जानकी वारल्याचं पत्र आलं. मी ते वाचून दाखवलं. आवडीबाईंनी एवढंच विचारलं, "तिथं तिची बोली येनारा कोन व्हता?"

मी पत्र फायलीला लावलं. दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर आल्या नाहीत.

वर्षभराने माझी बदली झाली. निघालो तेव्हा मोटार बाजारापाशी थांबली. माणसं पडली होती त्याच जागी आवडीबाई सात-आठ बायांसोबत बसल्या होत्या. एक बाई बोलत होती, बाकीच्या ऐकत होत्या. आवडीबाईंनी मला पाहिलं, आणि जराशा सरकून शेजारी जागा केली.

मोटार सुटायला अवकाश होता. मी मोटारीतच बसून राहिलो.